तक्रारीचा क्रमांक जपा



संकेतस्थळ उघडले नाही, की आपण हँडसेटला दोष देतो. मे २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन कंपन्यांनी व्हिमिओसारखी आख्खी संकेतस्थळेच बंद केली. जूनमध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की बेकायदा चित्रपटाचा नेमका पत्ता तेवढा रोखायचा. तेव्हा बंदी कोणाच्या आदेशाने, हे विचारा.

‘एक दाबा, दोन दाबा’ला कंटाळून फोन ठेवू नका. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. दाद लागली नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा.

तरीही ऐकत नसतील, तर कंपनी बदला. जुलै २०१५ पासून परराज्यात आलो तरी गावाकडचा नंबर कायम ठेवता येतो.

गणपती बाप्पा मोरया!