झेंडा उतरवायला कोण थांबतं?

संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापिका बाई, माझे सगळे गुरुजन, पालक आणि मघापासून पडद्यामागे नऊवारी सावरत उभ्या असलेल्या मुलींनो,

बाईंनी फोन केला तेव्हा विषयही सांगून टाकला होता : 'राष्ट्रध्वजाचा इतिहास आणि या क्षेत्रातील करिअरच्या संधी'. इतिहासाचं बघते. संधीचं अवघड आहे. जन्मभर नांदेडला खादीचे झेंडे शिवले. आमच्याकडे मशीन आहे, कात्री आहे आणि जुलैत मान वर करायला फुरसत नसते, एवढंच करिअर.

झेंडा कसा तयार होतो ते पडद्यावर दाखवणार होते, पण प्रोजेक्टर रुसलाय. मग तोंडीच ऐका. कापड उदगीरला विणतात. रंगून आलं की केशरी, पांढरा, हिरवा असे सारख्या रुंदीचे पट्टे कापून जोडायचे. झेंडा टेबलावरचा वीतभर असो नाहीतर एकवीस फूट बाय चौदा फुटांचा, लांबी-रुंदी तीनास दोनच. खरी परीक्षा चक्राची. ते दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं, आरे चोवीस. उजेडासमोर धरायचं आणि बघायचं. पुढच्या आऱ्याआडून मागचा आरा डोकावला की झेंडा बाद. मग तो कितीही सुबक शिवलेला असो. झालं माझं क्षेत्र.

आता इतिहास. १९२१ साली बेजवाड्यात पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना आराखडा दिला. १९३१ साली काँग्रेसने केशरी-पांढरा-हिरवा आणि मध्ये चरखा असं ठरवलं. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने चरख्याच्या जागी अशोकचक्र घेऊन तो झेंडा स्वीकारला. हे पाठ असेलच तुमचं, परीक्षेत लिहा. मला सांगायचंय ते नागपूरचं.

१९२३ साल. नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये गोऱ्या साहेबांचे बंगले. त्या रस्त्याने झेंडा घेऊन जायला बंदी. मग रोज एक तुकडी निघायची, हद्दीवर पोलीस धरायचे, तुरुंगात टाकायचे. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. जमनालाल बजाज आत गेले, तेव्हा वल्लभभाई पटेल येऊन उभे राहिले. मे महिन्यात सुरू झालेलं हे ऑगस्टपर्यंत चाललं आणि शेवटी मिरवणूक झेंडा घेऊन त्याच रस्त्याने गेली. बाळांनो, पहिल्या दिवशीच्या तुकडीत कुणीही जाईल हो. हार असतात, घोषणा असतात. जुलैच्या चिखलात, कुणी बघायला नसताना जे निघाले, त्यांतल्या कितीजणांची नावं आपल्याला येतात?

आपल्याकडे तर त्याहून वेगळं. १५ ऑगस्ट १९४७ ला देशभर पेढे वाटले, आणि मराठवाड्यात निजामाचं राज्य, तिरंगा लावला की पोलीस दारात. आपल्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावं लागलं. म्हणून आपल्या शाळेत १७ सप्टेंबरलाही झेंडा लागतो. माझी सून पुण्याची. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला इस्त्रीची साडी नेसून आत्या निघाल्या कुठे, हे तिला लग्नानंतर दोन-तीन वर्षं कळलंच नव्हतं.

आता सायकल स्टँड झालाय ना, तिथे आमचा झेंड्याचा खांब होता. पहिल्या रांगेत पीटीचे सर बसलेत. सर, उठू नका. सरांची शिस्त अशी की गाठीत झेंडूच्या पाकळ्यासुद्धा मोजून भरायच्या. सकाळी भाषणं व्हायची, लिमलेटच्या गोळ्या वाटून व्हायच्या आणि नऊ वाजता मैदान रिकामं. उरायचे शिपाईमामा आणि शाळेमागे राहणाऱ्या आम्ही दोघी-तिघी. तेव्हा सूर्यास्ताला झेंडा उतरवावाच लागे. (२०२२ पासून घरावर रात्रीही ठेवता येतो. २०२१ च्या डिसेंबरपासून पॉलिस्टरचाही चालतो. त्यावर माझं मत विचारू नका, पाहुणी म्हणून आलेय.) मामा चपला काढायचे. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली घालायचे, मग दोन्ही टोकं दुमडत आणायचे, वर फक्त चक्र आणि कडेला दोन्ही रंग थोडे थोडे. दोन्ही तळहातांवर ती घडी घेऊन ऑफिसातल्या कपाटापर्यंत चालत जायचे. मी झेंड्याचं काम शिकले ते तिथे. नांदेडला नंतर फक्त शिलाई शिकले.

तेव्हा सल्ला द्यायचाच तर एकच देते आणि पुन्हा पुन्हा देते : उतरवायला थांबा. चढवायला माणसं मिळतात. नगराध्यक्ष साहेब, तुमच्यावर नाही हं बोलत, तुम्ही वेळेवर येता. पण १६ ऑगस्टला सकाळी बाजारपेठेत जाऊन बघा, गटाराच्या कडेला प्लास्टिकचे झेंडे पडलेले असतात. आदल्या दिवशी हेच गाडीला लावून मिरवले होते. लग्नात वरातीला नाचायला शंभरजण, भांडी मोजायला कोण? गणपती आणायला ढोलपथक, आणि विसर्जनानंतर मांडव सोडायला? प्रोजेक्ट सुरू करायला सगळा वर्ग, वही तपासून घ्यायला एक मुलगी. ती मुलगी व्हा. मुलग्यांनो, तुम्हीसुद्धा.

बाई घड्याळ दाखवताहेत. बक्षिसं राहिलीत, दहाला माईक बंद करावा लागतो, आणि लावणीवाल्या मुली माझ्याकडे रागाने बघताहेत. थांबते. कार्यक्रम संपल्यावर या साडेचारशे खुर्च्या उचलून हॉलमध्ये लावायच्या आहेत, असं मला मघाशी कळलं. मी आहे. आठवी-नववीतले कोण कोण थांबणार, हात वर करा बघू. अध्यक्ष, तुम्हीही हात वर केलात तरी चालेल.

जय हिंद, जय महाराष्ट्र.