सपाट छपरावरचे पाणी आणि त्याची दुसरी वाट



संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि शेअर बाजार ऐकून झाल्यावर या व्यासपीठावर गच्चीच्या पाइपांविषयी बोलायला कोणाला तरी उभे करावे, हे संयोजकांना सुचले याचे मला अजून नवल वाटते आहे. विषय रुक्ष आहे. पण समोर बसलेल्यांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या कमिटीवर असणार. कोणाचे गाळे इथेच लालबहादूर शास्त्री मार्गावर असतील, कोणाचे ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत किंवा मरोळला. पाऊस उंबरठ्यावर आहे, तेव्हा बोलायचे तर आजच.

मी बोलणार आहे ते व्यापारी इमारतींच्या सपाट छपरांबद्दल. म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेट, मॉल, काचेच्या दर्शनी भागाची ऑफिसे, हॉस्पिटले. राहत्या इमारतीच्या गच्चीवर माणसांचा वावर असतो. कोणी पापड वाळत घालते, कोणी सकाळी फेऱ्या मारते. पाणी तुंबले तर दुपारपर्यंत बोंब होते. ऑफिसच्या गच्चीला कुलूप असते, किल्ली वॉचमनकडे असते, आणि वर जातो तो एसीवाला नाहीतर मोबाइल टॉवरवाला. पाणी साचल्याचे कळते ते सर्वांत वरच्या मजल्यावर फॉल्स सीलिंगला पिवळा डाग पडतो तेव्हा.

२६ जुलै २००५ तुम्हाला आठवत असेलच. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला त्याच दिवशी ७५ मिलिमीटरसुद्धा नव्हता. जे काही झाले ते आपल्या उपनगरांच्या डोक्यावर झाले. दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात सांताक्रूझला १९० मिलिमीटर पडला. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, मिठी नदीची चर्चा झाली, नाल्यांच्या रुंदीची झाली. सगळी चर्चा जमिनीवरच्या पाण्याची होती. पण ते पाणी आधी कशावर तरी पडले होते, आणि उपनगरात ते ‘कशावर तरी’ बहुतांशी छप्पर असते.

आता एक साधा हिशोब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी साचले की ते एक लिटर होते आणि त्याचे वजन एक किलो. ज्या सपाट छपरावर माणसांची ये-जा आहे, त्यावर चौरस मीटरला साधारण १५० किलो जादा भार येईल असे धरून आपल्याकडे स्लॅब आखतात. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागातला हा आकडा आहे. जिथे फक्त दुरुस्तीपुरते जायचे, तिथे तो निम्मा, ७५ किलो. म्हणजे दीडशे किलोच्या हिशोबाने गच्चीवर सहा इंच पाणी उभे राहिले की स्लॅबचा ठरलेला भार भरला. आणि २६ जुलैच्या त्या एका तासात पडले १९० मिलिमीटर, साडेसात इंच. पाइप सगळे बंद असते तर एका तासात ती मर्यादा ओलांडली गेली असती. दिवसभराचे पाणी साठून राहिले असते तर सहापट. हेच मानक असेही सांगते की छपराची रचना पाणी साचण्याजोगी असेल तर त्या पाण्याच्या भाराचा वेगळा हिशोब करा, आणि दोहोंपैकी जो घातक तो धरा. हा हिशोब किती नकाशांवर केलेला असतो, ते तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. उत्तरापेक्षा त्याचा चेहरा पाहा.

स्लॅब लगेच कोसळत नाही हे खरे. काँक्रीटमध्ये सुरक्षिततेचे गुणक असतात, आणि पाणीही तसे गुण्यागोविंदाने उभे राहत नाही. पाइप बंद असले की ते पुढची सर्वांत खालची जागा शोधते, आणि ती जागा असते जिन्याचे दार किंवा लिफ्टची मशीन रूम. मग लिफ्टच्या खड्ड्यात पाणी, इलेक्ट्रिक डक्टमध्ये पाणी, आणि खाली सगळे म्हणतात, यंदा पाऊस फार झाला.

पाइप किती लागतात? राष्ट्रीय इमारत संहितेत यासाठी एक छोटा तक्ता आहे. ताशी १०० मिलिमीटर पाऊस धरला तर तीन इंची पाइप २०.४ चौरस मीटर छपराचे पाणी नेतो, चार इंची ४२.७ चौरस मीटरचे. ताशी २०० धरला तर चार इंचीची झेप २१.३ वर येते आणि सहा इंचीची ६२.७ वर. आता एक मध्यम गाळ्यांची इमारत घ्या, छप्पर ३० मीटर लांब, २० मीटर रुंद. म्हणजे ६०० चौरस मीटर, साडेसहा हजार चौरस फूट. ताशी १०० मिलिमीटरला तिथे तासाला साठ हजार लिटर पाणी पडते, दहा हजारी सहा टँकर. तक्त्याप्रमाणे चार इंची चौदा-पंधरा पाइप हवेत. २०० चा रकाना वापरायचा, आणि सांताक्रूझचे ते १९० पाहिल्यावर तोच वापरावा असे माझे मत आहे, तर सहा इंची दहा. प्रत्यक्षात अशा छपराला सहा-आठ चार इंची पाइप दिसतात. कारण बहुधा हिशोबाचे नसते, दर्शनाचे असते. दर्शनी काचेवर पाइप दिसलेला आर्किटेक्टला चालत नाही, म्हणून ते मागच्या बाजूला नाहीतर बंद डक्टमध्ये कोंबतात, आणि डक्टमध्ये जागा जितकी तितके पाइप.

शेजारची उंच भिंतही कोणी मोजत नाही. नैर्ऋत्येकडून वाऱ्याने तिरपा आलेला पाऊस त्या भिंतीवर आपटतो आणि ओघळून तुमच्या छपरावर येतो. अशा भिंतीचे निम्मे क्षेत्रफळ छपरात धरण्याची जगभर पद्धत आहे. बोरिवलीत, घाटकोपरला जुन्या दुमजली इस्टेटीच्या पाठीला पाठ लावून आता वीस-वीस मजल्यांचे टॉवर उभे राहतात. इस्टेटीचे छप्पर तेवढेच असते, पाइप तेवढेच असतात, आणि पाणी मात्र वाढलेले असते.

ताशी १०० आणि २०० हे आकडे काहींना जास्त वाटतील. मुंबईची जुनी पावसाळी गटारे ताशी २५ मिलिमीटरसाठी बांधलेली होती, तीही ओहोटी गृहीत धरून. या गटारांवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ते ५० वर नेण्याची शिफारस केली. मग छपरालाच एवढा कडक हिशोब का? गटार भरले तर पाणी रस्त्यावर पसरते, लोकांचे हाल होतात, पण ते पसरते. छपराला चारी बाजूंनी परापेटचा कठडा आहे. पसरायला जागाच नाही.

आता पाइपाच्या तोंडाशी थोडे थांबू, कारण खरी कथा तिथे आहे. पाइप आत कितीही मोठा असो, त्यात पाणी किती शिरते ते ठरते तोंडापाशी पाणी किती उंच आहे त्यावर. ही उंची दुप्पट झाली की शिरणारे पाणी जवळजवळ तिप्पट होते. म्हणून तोंडाभोवती छोटा खळगा करतात, पाणी तिथे खोल होते आणि गपकन आत जाते. आपल्याकडे काय दिसते? खळगा नाही. त्यावर सपाट जाळी, तीही फरशीला समतल. एक दुधाची पिशवी उडत येऊन त्यावर बसली की झाकण लागले. घुमटासारखी उभी जाळी असेल तर पिशवी खाली अडकते आणि वरून पाणी जात राहते. दोन्ही जाळ्यांच्या किमतीतला फरक एवढा किरकोळ आहे की त्यावर कमिटीत चर्चा होऊ नये. होते.

दुसरी गोष्ट मी वारंवार पाहिलेली. गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाले की चाचणीसाठी पाइपांची तोंडे बंद करून दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवतात. चाचणी उत्तमच. तोंड बंद करायला गोणपाट कोंबतात आणि वरून सिमेंटचा गोळा लावतात. चाचणी संपते, पाणी एका तोंडातून सोडतात, बिल निघते. बाकीच्या तोंडांतले गोणपाट तिथेच राहते. पहिल्या पावसात चार पाइपांपैकी एकच का वाहतो आहे, याचे उत्तर हात घातल्यावर सापडते.

वॉटरप्रूफिंगचे आणखी एक प्रकरण आहे. आपल्याकडे विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात, त्याला पाइपांकडे ढाळ देतात, परापेटच्या कडेला वाटा करतात. पद्धत जुनी आणि चांगली आहे. ढाळ शंभराला एक तरी हवा. वीस मीटर रुंद छपराच्या मध्यापासून कडेपर्यंत दहा मीटर धरले तर चार इंच उतार. आता कोबा गळायला लागला की कंत्राटदार म्हणतो, जुना फोडायला नको, वरूनच नवा टाकू. चार इंच कोब्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जाते. म्हणजे साचणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त वजन आपण स्वतःच्या पैशाने कायमचे चढवतो. शिवाय फरशी वर आली की जिन्याच्या दाराचा उंबरठा तेवढाच बुटका झाला. परापेटला जुन्या मिस्त्रीने ठेवलेली भोके असतील तर तीही कोब्याखाली बुजतात.

या भोकांसाठीच मी आज आलो आहे असे समजा. छपराला पाण्याची दुसरी वाट हवी. नेहमीचे पाइप तुंबले तरी पाणी ज्यातून बाहेर पडेल अशी परापेटमधली खिडकी. तिचा तळ फरशीपासून दोनेक इंच वर, म्हणजे रोजच्या पावसात ती कोरडी राहील, आणि जिन्याच्या उंबरठ्याच्या पुरेशी खाली. आपल्या त्या ६०० चौरस मीटरच्या छपराला चार बाजूंना प्रत्येकी फूटभर रुंद खिडकी ठेवली आणि त्यांतून तीन इंच खोलीचे पाणी वाहिले, तर सगळे पाइप बंद असतानाही ताशी २०० मिलिमीटरचा पाऊस बाहेर पडतो, आणि कडेला पाणी पाच इंचांवर चढत नाही. दीडशे किलोची मर्यादा शाबूत राहते. अमेरिकेतल्या प्लंबिंग संहितेत ही दुसरी वाट सक्तीची आहे, आणि तिचे पाणी कोणाच्या तरी नजरेस पडेल अशा ठिकाणीच सोडावे असा नियम आहे. मला हा नियम फार आवडतो. दारासमोर वरून धबधबा पडायला लागला की वॉचमनला फोन करावाच लागतो. आपल्याकडे तेच पाणी गुपचूप डक्टमध्ये जाते.

पाणी मुद्दाम धरून ठेवायचे डोकेही कुणी चालवले होते. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत केम्पर अरीना नावाचे मोठे क्रीडागृह होते. शहराच्या गटारांवर ताण येऊ नये म्हणून त्याच्या छपराला निचरा कमी ठेवला होता, पाणी सावकाश उतरावे म्हणून. ४ जून १९७९ च्या वादळी पावसात ते छप्पर कोसळले. टांगणीचे बोल्टही आधीच थकले होते, पण त्या वेळी भार दिला तो पाण्याने. आत कार्यक्रम नव्हता म्हणून कोणी दगावले नाही. आपल्याकडे जून २०२४ मध्ये जबलपूरच्या विमानतळावर कापडी छतात साचलेल्या पाण्याने छत फाटून खाली गाडीवर आले, आणि दोनच दिवसांनी राजकोटला तसेच छत साचलेले पाणी काढता काढता फाटले. काँक्रीट वाकत नाही असे आपण समजतो. हलके पत्र्याचे, पोलादाचे किंवा कापडाचे छप्पर मात्र पाण्याने वाकते, वाकले की खोलगट होते, आणि खोलगट झाले की आणखी पाणी धरते. गाळ्यांवरच्या पावसाळी शेडना हे तंतोतंत लागू आहे.

पोडियमबद्दल दोन शब्द. पार्किंगवरचा तो बगिचा, टर्फ, लॉबीसमोरचे अंगण हेही सपाट छप्परच आहे. वरच्या गच्चीला खालचे गटार तुंबल्याचे सोयरसुतक नसते, पाइपात पाणी तेवढे वर चढत नाही. पोडियम मात्र जमिनीलगत. साडेचार मीटरच्या वरची भरती असते, अंधेरीत मोगरा नाला भरलेला असतो, घाटकोपरला सोमय्या नाला, इथे नानेपाडा नाला, आणि मग वरच्या पंधरा मजल्यांचे पाणी पोडियमच्या जाळीतून उलटे उसळते. गच्चीचा पाइप पोडियमच्या पाइपाला जोडू नका. आणि मलनिःसारणाच्या चेंबरला तर मुळीच नको. तसे करणे नियमबाह्य आहे आणि परिणाम तुम्हाला नाकाने कळेल.

नियम आपल्याकडे कमी नाहीत. २०१८ पासून लागू झालेली मुंबईची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे, पर्जन्य जलसंधारणाची अट आहे, भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी पर्जन्य जलवाहिन्यांचा दाखला लागतो. पण हे सगळे इमारत कोरी असताना एकदा तपासले जाते. त्यानंतर एसीची युनिट्स येतात, सोलर पॅनेलचे पाय ढाळाच्या आड येतात, बंद पडलेल्या रेस्टॉरंटचे डेकिंग तसेच राहते. तीस वर्षांनी महापालिका अधिनियमाच्या ३५३ ब कलमाखाली स्ट्रक्चरल ऑडिट होते, आणि त्यातही कॉलम-बीम ठोकून पाहतात. पाइप कोणी मोजत नाही.

म्हणून विनंती एवढीच. मृग लागायच्या आत किल्ली मागून वर जा. टेप घेऊन छपराचे क्षेत्रफळ काढा, पाइप मोजा, त्यांचा व्यास पाहा आणि तो तक्ता शेजारी ठेवा. प्रत्येक तोंडात हात घाला, मग बादलीभर पाणी ओता आणि खाली माणूस उभा करून ते येते का विचारा. जिन्याच्या उंबरठ्याची उंची मोजा. गच्चीवर गाळाच्या काळ्या कडा दिसतील, त्या गेल्या पावसाळ्यात पाणी कुठवर उभे होते ते सांगतात. त्यांचे फोटो काढून ठेवा. आणि पुढच्या मीटिंगमध्ये परापेटला खिडक्या पाडण्याचा ठराव मांडा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा आखून द्यायला सांगा. वॉटरप्रूफिंगचे कोटेशन मागवाल तेव्हा त्यात जुना कोबा काढण्याचे आणि चाचणीनंतर सगळी तोंडे उघडून दाखवण्याचे कलम घातल्याशिवाय सही करू नका.