भंगारातला सिलिंडर

कोलाडच्या नाक्यावर, मुंबई-गोवा रस्त्यालगत भंगाराच्या ढिगात जुन्या जावा मोटारसायकलीचा सिलिंडर दिसला, तर तो तराजूत पडण्याआधी जरा उलटासुलटा करून पाहा. म्हैसूरचा जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला. तिथला एक तुकडा वितळला की तो कायमचा गेला.

शर्यतीच्या हौशी कारागिरांनी अशा इंजिनांवर बराच हात चालवलेला असतो. बाहेरून ते कळायचं नाही. बोट आत घाला. या दोन-स्ट्रोकी इंजिनाला झडपा नसतात. पिस्टन स्वतःच भिंतीतली पोर्ट उघडतो आणि झाकतो. धुराच्या पोर्टाची वरची कड कानशीने वर नेली, म्हणजे ती लवकर उघडते. चढ्या वेगाला जोर वाढतो, उतरत्या वेगाला मात्र घटतो. असा सिलिंडर रोजच्या गाडीला बसवून कोणी ताम्हिणी घाट चढू लागला, तर गाडी दम टाकणारच! हेडही घासून खाली आणलेलं असेल, तर दाब वाढून पिस्टनला भोक पडण्याचं भय असतं.

आता खूण. ओतकामाचा खडबडीतपणा जाऊन तिथे कानशीच्या रेघा दिसतात. जावा २५० ला धुराची दोन पोर्टं. हाताने घासलेली दोन्ही तंतोतंत सारखी क्वचितच उतरतात. पण बोअर मूळच्या ६५ मिलिमीटरांहून थोडा मोठा आढळला, तर तेवढ्यावरून शर्यत समजू नका. ती बहुधा झीज काढण्याची साधी दुरुस्ती.

विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींनी सिलिंडरच्या आत कागद दाबून पेन्सिलीने पोर्टांचा ठसा घ्यावा आणि वरच्या कडेपासूनचं अंतर मुलांकडून मोजून घ्यावं. रेघा मात्र घासून चकचकीत करू नयेत, बरं का.