परदेशातील दीर्घ मुक्काम आणि सहलींची निवड
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांनी आपणांस मार्गदर्शन केले आहे. मी केवळ मॅट्रिक झालेला, ३५ वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेला एक सामान्य शिक्षक. तेव्हा चिटणीसांनी भाषणाचा आग्रह धरला त्या वेळी मी प्रथम नकारच दिला. परंतु ते म्हणाले, “गुरुजी, आपल्या ज्ञातीतील घराघरांतून आज मुले परदेशी आहेत. आईबाप चार-चार, सहा-सहा महिने तिकडे राहून येतात. तेथे काय पाहावे, कसे पाहावे, हे त्यांना कोणी सांगत नाही. आपण राहून आला आहात, तेवढेच सांगा.” हे म्हणणे मला पटले. शिवाय, दुसऱ्याच्या चुकीवरून शिकणे हे स्वतः चुकण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते, आणि माझ्यापाशी एक चांगली ठळक चूक आहे. ती आज आपणांपुढे ठेवतो.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही उभयता इंग्लंडला गेलो. चिरंजीव लंडनच्या पश्चिमेस सुमारे ६० किलोमीटरवर रेडिंग या गावी नोकरीस आहे. सूनबाईही नोकरी करतात. ब्रिटनचा साधा पाहुण्याचा व्हिसा एका खेपेस सहा महिन्यांपर्यंत राहू देतो. आम्ही पाच महिने राहिलो. पहिला आठवडा कौतुकात गेला. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी आठला दोघे कामावर जात आणि आम्ही दोघे खिडकीशी बसत असू. मुलाला हे बघवेना. त्याने मला माहितीपत्रकांचा एक गठ्ठा आणून दिला आणि म्हणाला, “बाबा, तुम्हांला आवडतील त्या सहली निवडा. पैशांचा विचार करू नका.”

मी निवड केली ती अशी. एका सहलीत एकाच दिवशी विंडसरचा राजवाडा, स्टोनहेंजचे शिलावर्तुळ आणि बाथ हे रोमनकालीन स्नानगृहांचे नगर, अशी तीन स्थळे होती. एका तिकिटात तीन स्थळे म्हणजे फायदाच, असा माझा हिशेब. त्रैराशिक शिकविणाऱ्या माणसाला दुसरे काय सुचणार? सौभाग्यवतींना विचारण्याची मला आवश्यकता वाटली नाही. आपल्या घरांतून अशा गोष्टी विचारण्याची प्रथा नाही, हे आपण सर्वजण जाणतोच.

पहाटे साडेपाचला घर सोडले. आगगाडीने लंडनला गेलो आणि तेथून सहलीची बस धरली. विंडसरला दीड तास मिळाला, स्टोनहेंजला एक तास. सौ.चा उजवा गुडघा दुखरा आहे. बाथला पोहोचेपर्यंत तो सुजला होता. तेथेही दीडच तास होता. तिला स्नानगृहांसमोरच्या चौकात एका बाकावर बसवून, “तू बस, मी पाहून येतो,” असे म्हणून मी आत गेलो. तिकिटाचे पैसे भरलेले होते ना! ती एवढेच म्हणाली, “अहो, ते गरम पाणी कुठे आहे?” मी म्हणालो, “आल्यावर सांगतो.”

बाहेर आलो तो पाऊस पडत होता आणि बाक रिकामा होता. तिच्याजवळ तेथे चालणारा फोन नव्हता. घराचा पत्ता लिहिलेला कागद नव्हता. इंग्रजीचा एक शब्द तिला येत नव्हता. पंचवीस मिनिटे मी त्या चौकात आणि लगतच्या गल्ल्यांतून धावत होतो. बंधूंनो, परक्या मुलखात चाळीस वर्षांच्या सहधर्मचारिणीस हाका मारीत धावणे म्हणजे काय, ते मला येथे सांगता येणार नाही. अखेर ती शेजारच्याच जुन्या चर्चमध्ये सापडली. दारावरील एका वृद्ध स्वयंसेविकेने तिला भिजताना पाहून आत नेऊन खुर्चीवर बसविले होते. मी रागाने बोलू गेलो, परंतु तिचा चेहरा पाहून माझे शब्द तोंडातच राहिले.

बस निघून गेली होती. यात बसवाल्यांचा काडीचाही दोष नव्हता. उशीर करणाऱ्यासाठी बस थांबणार नाही, असे पत्रकात स्पष्ट छापलेले होते. मी ते वाचले नव्हते. आम्ही हळूहळू चालत रेल्वे स्थानकावर गेलो आणि नवी तिकिटे काढली. तेथे मला कळले की बाथहून रेडिंगला थेट गाडी आहे आणि ती सुमारे एका तासात पोहोचते! सहलीची बस लंडनला पोहोचण्यापूर्वीच आम्ही घरी चहा घेत होतो. बाथहून लंडनला जाणारा हमरस्ताही रेडिंगजवळूनच जातो. म्हणजे, पश्चिमेकडील गावी जाण्यासाठी आम्ही पहाटे उठून पूर्वेस लंडन गाठले होते, आणि बस चुकली नसती तर रात्री स्वतःच्या घराजवळून पुढे जाऊन पुन्हा मागे आलो असतो. ज्याने ३५ वर्षे मुलांना भिंतीवरील नकाशा दाखविला, त्याने स्वतः नकाशा पाहिला नव्हता!

त्या रात्री मी सौ.ना विचारले, “गरम पाण्याचे काय म्हणत होतीस?” तेव्हा ती म्हणाली, “माझ्या माहेराजवळ राजवाडीचं उन्हाळं आहे ना, तसंच आहे का ते बघायचं होतं.” संगमेश्वर तालुक्यातील तुरळ-राजवाडीचे गरम पाण्याचे झरे आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असतील. तिचे बालपण त्या पाण्याच्या काठी गेले. साऱ्या इंग्लंडात तिला स्वतःहून पाहावीशी वाटलेली एकच वस्तू होती, आणि नेमकी तिच्या दारात तिला बसवून मी आत गेलो होतो.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघे पुन्हा बाथला गेलो. या खेपेस निवड तिची होती. साठीपुढील माणसांस तेथे रेल्वेचे एक सवलतपत्र मिळते. पासपोर्टवरील वय दाखविले की आपल्यासारख्या पाहुण्यांनाही ते विकत घेता येते, आणि वर्षभर बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. मात्र लंडन व आसपासच्या भागात कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या वेळी ती सवलत चालत नाही. आम्ही सावकाश, दहानंतरची गाडी धरली. स्नानगृहांत लिफ्टची सोय आहे, हे मला पहिल्या खेपेस धावपळीत दिसलेच नव्हते! सुमारे ४६ अंश उष्णतेचे पाणी तेथे रोज दहा लाख लिटरांहून अधिक वर येते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी बांधलेल्या हौदात ते आजही वाहते. त्यात स्नान करू देत नाहीत. सौ. कठड्याशी उभी राहून वाफेकडे बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, “आमच्यासारखंच आहे. फक्त आमच्याकडे आंघोळ करू देतात.” त्या एका वाक्यात तिची सहल पूर्ण झाली.

आणखी एक गोष्ट तेथेच समजली. बाथच्या महापौरांचे मानद वाटाडे आहेत. १९३४ पासून हे नगरवासी पाहुण्यांना पायी फिरवून आपले गाव दाखवितात. त्यासाठी ते शुल्क घेत नाहीत, बक्षिसीही स्वीकारीत नाहीत. ज्या गावात मी पैसे भरून धावलो, तेथे जाणकार माणूस विनामूल्य गाव दाखवावयास उभा होता!

आता या अनुभवावरून जे चार विचार मनात पक्के झाले, ते सांगतो.

पहिला विचार असा की, सहल निवडण्यापूर्वी नकाशा उघडावा आणि मुक्कामाच्या गावावर बोट ठेवावे. जे स्थळ आपल्या गावाहून थेट गाडीने गाठता येते, त्यासाठी राजधानीहून निघणारी सहल घेऊ नये. तसेच स्थळे किती हे न मोजता प्रत्येक स्थळी किती वेळ मिळणार, हे मोजावे. आमच्या त्या दिवसातील निम्म्याहून अधिक वेळ बसमध्ये गेला. एडिनबरोहून एका दिवसात लॉख नेस सरोवर दाखवून परत आणणाऱ्या सहलीही अशाच सुमारे बारा तासांच्या असतात. त्या डोंगराळ मुलखात वाहनाची सोय अपुरी असल्याने सहल घेणे योग्यच. परंतु आपल्या वयास दोन-तीन दिवसांची, वाटेत मुक्काम करणारी सहल बरी.

दुसरा विचार हा की, आपल्याला एकट्याने मिळणार नाही असे काही जेथे मिळते, तेथेच सहलीचे दाम मोजावे. स्टोनहेंजला साध्या तिकिटावर शिळा ठरलेल्या वाटेवरूनच पाहाव्या लागतात. भल्या सकाळी वा सायंकाळी मात्र लहान तुकड्यांना आगाऊ नोंदणीने वर्तुळाच्या आत जाऊ देतात. त्यास अर्थ आहे. लंडनच्या टॉवर किल्ल्यात तेथील रखवालदारच पाहुण्यांना फिरवितात, आणि ते प्रवेशाच्या तिकिटातच येते. हे रखवालदार सैन्यात निदान २२ वर्षे सेवा केलेले असतात आणि किल्ल्यातच राहतात. १८४९ साली पंजाबबरोबर इंग्रजांच्या हाती गेलेला कोहिनूर तेथेच आहे. ब्रिटिश म्युझियमचा कायमचा संग्रह पाहण्यास प्रवेशमूल्य नाही, आणि एकेका दालनाची माहिती सांगणारे स्वयंसेवकही विनामूल्य मिळतात. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे तेथे पाहताना अभिमान आणि विषाद एकदमच वाटतो.

काही ठिकाणी वाटाड्या नसलेलाच बरा. ग्रीनिचच्या वेधशाळेच्या अंगणात शून्य रेखांशाची पट्टी आहे. १८८४ साली ही रेषा जगाने मान्य केली. मी तीवर उभा राहिलो. पण मुलाच्या फोनमध्ये शून्य येईना! उपग्रहांचे शून्य या पट्टीच्या पूर्वेस सुमारे १०२ मीटरवर आहे. ते अंतर चालत जाऊन शोधण्यात जो आनंद मिळाला, तो कोणत्याही बसने दिला नसता. तसेच हाउली प्लेस येथील १० क्रमांकाचे घर, जेथे १९१८-१९ मध्ये लोकमान्य टिळक राहिले. आणि किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर, जेथे १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले आणि जे २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. माझ्याकडील माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यात या दोन घरांचे नावही नव्हते. ती आपणच शोधून गाठावी लागतात.

तिसरा विचार शरीराचा आणि कागदपत्रांचा. आरोग्यविमा घेताना जुनी दुखणी त्यात समाविष्ट आहेत की नाहीत, हे वाचावे. तेथे रुग्णालयाचा खर्च पाहुण्यास स्वतः सोसावा लागतो. पत्रकातील बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत. पायऱ्या किती, चाल किती, जेवण कोणाचे, सहल रद्द केल्यास पैसे परत मिळतात काय, हे विचारण्यात कमीपणा नाही. लंडनहून पॅरिसची सहल दिसली म्हणून हुरळून जाऊ नये. ब्रिटनचा व्हिसा तेथे चालत नाही. आणि प्रत्येकाच्या खिशात, विशेषतः भगिनींच्या पिशवीत, घराचा पत्ता व मुलाचा फोन नंबर लिहिलेला कागद आणि तेथे चालणारा फोन असावाच असावा. त्या पंचवीस मिनिटांनंतर ही गोष्ट मी हात जोडून सांगत आहे.

चौथा विचार सर्वांत महत्त्वाचा. दीर्घ मुक्काम म्हणजे लांबविलेली सहल नव्हे. पाच महिने रोज सहल केली तर शरीर आणि मुलाची मिळकत दोन्ही थकतील. “पैशांचा विचार करू नका” असे मूल म्हणते, ते त्याचे प्रेम. तरीही तो विचार करणे, हे आपले. आठवड्यास एक बाहेरचा दिवस पुष्कळ झाला. उरलेल्या दिवसांसाठी गावातीलच काही शोधावे. सूनबाईंनी सौ.ना विचारले, “आई, तुम्हांला काय करायला आवडेल?” हा प्रश्न मला चाळीस वर्षांत सुचला नव्हता. सौ. म्हणाल्या, “क्रोशा.” गावच्या ग्रंथालयात दर गुरुवारी बायका विणकामास जमत, सूनबाईंनी तेथे नाव दिले. भाषा येत नसता सौ. तेथे तीन महिने नेमाने गेल्या. सुई आणि दोरा यांना व्याकरण लागत नाही! त्या बायकांनी तिच्याकडून तोरणाची वीण उचलली, आणि तिने त्यांच्याकडून मोजे विणण्याची. वाटेवरची दुकाने आणि वळणे तिला माझ्याहून अधिक ठाऊक झाली. पुढे ती एकटी जाऊ-येऊ लागली. जी बाई बाथच्या चौकात हरवली होती, तीच मला रेडिंगच्या रस्त्यांतून बसच्या थांब्यापर्यंत नेऊ लागली.

ज्ञातिबंधूंनो, आपण पुरुषमंडळी तिकिटे काढतो आणि आपल्या स्त्रिया आपल्यामागून चालतात. परदेशी जाणार असाल तर माहितीपत्रकांचा गठ्ठा प्रथम त्यांच्यापुढे ठेवा. त्या “तुम्ही म्हणाल तसं” म्हणतील. तेवढ्यावर थांबू नका, पुन्हा विचारा. बहुधा तिसऱ्या खेपेस खरे उत्तर येते.

 सौभाग्यवती समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. हे सर्व सांगण्याची अनुमती त्यांनी दिली, हे त्यांचे आणखी एक ऋण.