पाहुणा आणि घरचा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू एकोणतीस वर्षं कुवेतला होतास, काहीतरी बाहेरचं सांग." कुवेतच्या गोष्टी वसईत घरोघरी ऐकायला मिळतात. त्या मी आज सांगणार नाही. त्याऐवजी, लोकलने तासाभरावर असलेल्या वांद्र्यात जन्मलेल्या आणि निम्मी हयात बाहेर काढलेल्या एका माणसाबद्दल बोलतो. ते म्हणजे कार्डिनल आयव्हन डायस.

आपल्यातले जे कॅथलिक आहेत, त्यांना ते मुंबईचे आर्चबिशप म्हणून आठवत असतील. 1998 साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. त्याआधी आपण मुंबईच्याच धर्मप्रांतात होतो. पण मुंबईला येण्याआधी डायस पस्तीस वर्षं काय करत होते, हे फारसं कुणी विचारत नाही. ते पोपचे मुत्सद्दी होते.

वर्गातल्या इतर मित्रांसाठी थोडं समजावतो. व्हॅटिकन हा अर्ध्या चौरस किलोमीटरपेक्षाही लहान देश. ना व्यापार, ना सैन्य. तरीही आज 180 हून अधिक देशांशी त्याचे राजनैतिक संबंध आहेत. पोपच्या राजदूताला नुन्सिओ म्हणतात. त्याची कामं दोन. एक, तिथल्या सरकारशी बोलायचं. दुसरं, तिथल्या चर्चची खबरबात ठेवायची. एखाद्या ठिकाणी नवा बिशप नेमायचा असेल, तर गुप्तपणे चौकशी करून साधारण तीन नावं रोमला पाठवायची, हेही त्याचंच काम.

या नोकरीचं शिक्षण रोममधल्या एका जुन्या संस्थेत मिळतं. ती 1701 सालची. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेत शिकलेले डायस 1958 साली धर्मगुरू झाले आणि 1961 साली त्या संस्थेत दाखल झाले. पुढे बदल्याच बदल्या. आधी डेन्मार्क, नॉर्वे, आइसलंडकडचे थंड देश, मग इंडोनेशिया, मग मादागास्कर. सत्तरच्या दशकात ते रोमच्या कचेरीत होते. सोव्हिएत संघ, पोलंड, चीन, व्हिएतनाम अशा साम्यवादी देशांचं काम त्यांच्याकडे होतं. 1982 साली ते आर्चबिशप झाले आणि घाना, टोगो व बेनिन या देशांत पोपचे दूत म्हणून गेले. 1987 साली त्यांची दक्षिण कोरियात बदली झाली.

इथे एक गंमत आहे. आर्चबिशप म्हटला की त्याचा धर्मप्रांत हवा. नुन्सिओला तो नसतो. म्हणून त्याला केव्हाच लयाला गेलेल्या एखाद्या धर्मप्रांताचं नाव देतात. डायस यांच्या नावापुढे उत्तर आफ्रिकेतल्या रुसुबिसिरचं नाव लागलं. ज्या गावात एकही माणूस आपला नाही, त्या गावाचे ते आर्चबिशप! घरचा नसलेला माणूस, हीच त्या पदाची खूण म्हणायची.

त्यांची खरी कसोटी लागली ती आल्बेनियात. 1967 साली त्या देशाच्या राजवटीने धर्मावरच बंदी घातली. दोन हजारांवर चर्च, मशिदी आणि मठ बंद केले. श्कोडर शहरातल्या महामंदिराचं क्रीडागृह केलं. धर्मगुरूंना तुरुंगात आणि श्रमछावण्यांत टाकलं, कित्येकांना गोळ्या घातल्या. मदर तेरेसा जन्माने आल्बेनियन. त्यांची आई आणि बहीण तिराना शहरात वारल्या, पण शेवटपर्यंत मदरना त्यांची भेट होऊ शकली नाही.

1991 साली संबंध पुन्हा जुळले आणि पोपने तिथे डायस यांना पाठवलं. राजदूत सहसा चालू घरात जातो, इथे घरच पडलं होतं. तुरुंगांतून सुटून आलेले थोडे वृद्ध धर्मगुरू तेवढे उरले होते. 25 एप्रिल 1993 ला पोप जॉन पॉल दुसरे श्कोडरला आले आणि त्याच महामंदिरात त्यांनी चार बिशपांना दीक्षा दिली. त्यांतल्या फ्रानो इलिया यांना एकेकाळी फाशीची शिक्षा सुनावली गेली होती. सगळीच माणसं बाहेरून आणून बसवणं सोपं पडलं असतं. पण ज्यांनी तिथे सोसलं होतं, मुख्यतः त्यांच्या हाती कारभार गेला. पाहुण्याने काय करावं, हे मला इथे दिसतं. घर उभं करायला हात लावायचा आणि किल्ली घरच्यांकडे द्यायची.

1996 च्या नोव्हेंबरात त्यांची मुंबईला नेमणूक झाली. वयाच्या साठाव्या वर्षी ते आपल्याच शहरात आले. 1961 ची मुंबई आणि ही मुंबई यांत किती अंतर, ते तुम्हाला सांगायला नको. 2001 साली ते कार्डिनल झाले. 2006 साली पुन्हा रोमहून बोलावणं आलं आणि ते गेले. 19 जून 2017 रोजी रोममध्येच त्यांचं निधन झालं.

आता माझं. कुवेतहून परतल्यावर पहिल्याच महिन्यात मी गावच्या सभेत उभा राहिलो. वाडी विकून टॉवर बांधणाऱ्यांना, विहिरी बुजवणाऱ्यांना, मराठी न बोलणाऱ्या पोरांना, सगळ्यांना मी सुनावलं. सभा संपल्यावर शेजारच्या मावशी जवळ आल्या. ऐंशीच्या पुढच्या. म्हणाल्या, "बाबा, तू पाहुणा म्हणून बोललास की घरचा म्हणून? घरचा असतास, तर पाणी खारं झालं तेव्हा इथे असतास."

मला फार लागलं. घरी येऊन बायकोशीही बोललो नाही. कारण मावशींचं खरं होतं. ज्या वर्षांत इथल्या बागा सुकल्या, त्या वर्षांत मी पैसे पाठवत होतो, आणि पैसे पाठवणं म्हणजे हजर असणं, असं धरून चाललो होतो.

त्यानंतर मी डायस यांच्याबद्दल वाचायला लागलो. नुन्सिओ नव्या देशात गेला की आधी भाषा शिकतो, मग ऐकतो, आणि मग बोलतो. परक्या देशात कुवेतला मीही तेच केलं होतं. आपल्या गावी मात्र मी थेट बोलायलाच सुरुवात केली. परतलेल्या माणसाला आपलं गावही पुन्हा शिकावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता दर बुधवारी मी मावशींच्या ओट्यावर बसतो. त्या सांगतात, मी ऐकतो. कुठली विहीर कधी खारी झाली, कुणी वाडी का विकली, मुलीच्या लग्नासाठी की आजारपणासाठी. सभेत मी ज्यांना नावं ठेवली, त्यांतल्या दोघांची माफी मागून झाली आहे. तिसरा आज याच सभागृहात बसला आहे. त्याच्याकडे चहाच्या वेळी येणार आहे.

मित्रांनो, आज आपण सगळेच या शाळेत पाहुणे आहोत. आपल्यानंतर कितीतरी तुकड्या इथून गेल्या. म्हणून एक विनंती. आपण जमवलेल्या निधीचं काय करायचं, ते आज आपणच ठरवू नये. आधी इथल्या शिक्षकांना आणि मुलांना विचारू या.

आणि गुरुजनांनो, वर्गात मी फार बोलायचो म्हणून तुम्ही मला बाकावर उभं केलंत. उशिरा का होईना, धडा उतरला.