मार्शल लॉच्या काळातले गव्हर्नर



आज ऐकूया सर फ्रेडरिक साइक्स यांच्याविषयी.
साइक्स मुंबई प्रांताचे गव्हर्नर होते.
आपल्या सोलापुरात मार्शल लॉ लागला, तो त्यांच्याच काळात.

माणूस मुळात लष्करातला.
तरुणपणी सिलोनला चहाच्या मळ्यात काम केलं.
मग बोअर युद्धात लढले.
पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी ते ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख झाले.
पुढे पार्लमेंटमध्ये गेले.
शिवाय पंतप्रधान बोनर लॉ यांचे जावई!
१९२८ च्या डिसेंबरात ते मुंबईला आले.

आणि उजाडला मे १९३०.
गांधीजींना अटक झाली.
सोलापूरचे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले.
गोळीबार झाला. माणसं पडली.
लोक खवळले.
काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरलाच नाही.

१२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला.
होय, साइक्स यांच्याच कारकिर्दीत.

पुढच्या जानेवारीत येरवड्यात सोलापूरच्या चौघांना फाशी दिलं.
मल्लप्पा धनशेट्टी.
श्रीकिसन सारडा.
जगन्नाथ शिंदे.
कुर्बान हुसेन.
माझ्या मते, साइक्स यांच्या कारकिर्दीला हा डाग कायमचा लागला.

१९३१ च्या जुलैत साइक्स रजेवर होते.
हंगामी गव्हर्नर होते अर्नेस्ट हॉटसन.
ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले.
तिथं वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.
कारण?
सोलापुरातले अत्याचार.

हॉटसन वाचले.
साइक्स १९३३ पर्यंत गव्हर्नर राहिले, मग मायदेशी परतले.