अनुदान कसणाऱ्याच्या हाती



हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून असलेल्या मारुंजी गावाने या परिषदेचे यजमानपद स्वीकारले, त्याबद्दल ग्रामस्थांचे आणि संयोजकांचे मनःपूर्वक आभार. अध्यक्षीय भाषणात शेती अनुदानाच्या सर्व योजनांचा आढावा घेण्याचा प्रघात असला, तरी ठिबकपासून अवजारांपर्यंतची माहिती कृषी खात्याच्या पुस्तिकांत मिळते; त्या पुस्तिकांत ज्याचा उल्लेख सहसा सापडत नाही, तो दुसऱ्याच्या रानात राबणारा वाटेकरी हाच आजचा विषय आहे.

पीएम किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात आणि राज्याने २०२३ मध्ये सुरू केलेल्या नमो शेतकरी महासन्मान निधी योजनेने त्यात तेवढ्याच रकमेची भर घातली. पात्रता ठरते ती सातबाऱ्यावरून, म्हणजे जमिनीची मालकी आणि तीवरील पीक यांची नोंद असलेल्या उताऱ्यावरून. शिवाय वारसाहक्काचा अपवाद सोडता १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असावी लागते. खंडाने, म्हणजे ठरावीक मोबदला देऊन, किंवा अर्धेलीने, म्हणजे निम्म्या उत्पन्नाच्या बोलीवर जमीन कसणाऱ्याला या योजनांत स्थान नाही. मारुंजी, नेरे, जांबे या पट्ट्यात खातेदाराचा, म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेल्या मालकाचा, संसार नोकरीवर किंवा भाड्याच्या खोल्यांवर चालतो आणि उरलेल्या खाचरांत इंद्रायणी भाताची लावणी अनेक ठिकाणी वाटेकरी करतो. परंतु अवकाळीने उभा भात आडवा झाला, की पंचनामा खातेदाराच्या नावाने होतो आणि भरपाईही त्याच्याच खात्यात जाते.

अनुदान रोख द्यावे की निविष्ठांवर, म्हणजे बी-बियाणे आणि खतांच्या किमतीत द्यावे, यावर विद्वानांत दीर्घकाळ वाद आहे. प्रस्तुत अध्यक्षांपुरता तो मुळशी तालुक्यातील एका खताच्या दुकानात मिटला. ऐन लावणीत तेथे आलेल्या एका वाटेकरणीचा चिखलाने रेषा बुजलेला अंगठा आधार पडताळणीच्या यंत्रावर उमटेना, तेव्हा दुकानदाराने तो ओल्या फडक्याने पुसला, पुन्हा टेकवला, आणि अखेर ४५ किलो युरियाची गोणी तिला २६६ रुपये ५० पैशांना मिळाली. त्या यंत्राने आधार क्रमांक मागितला, सातबारा मागितला नाही. म्हणूनच शासनाच्या शेतीसाहाय्यातील तेवढा भाग तिच्यापर्यंत पोहोचला. युरियाच्या अतिवापराने जमीन बिघडते, हा आक्षेप खरा आहे. तथापि रोख रक्कम केवळ सातबाऱ्यावरील नावाला मिळत आहे तोवर खतावरील अनुदान काढा असे म्हणणे, म्हणजे कसणाऱ्याच्या हातची उरलीसुरली मदतही हिरावून घेणे होय.

वाटेकऱ्याचे नाव नोंदवण्याबाबतची खातेदारांची भीतीही समजून घेतली पाहिजे. १९४८ च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला मालक केले आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, म्हणजे कूळ जमिनीचे मालक झाल्याचे मानण्याचा दिवस, ठरला. त्यानंतर निर्माण झालेल्या कुळालाही जमीन खरेदीचा हक्क त्याच कायद्याने दिला असल्याने, भाव गगनाला भिडलेल्या या परिसरात कोणीही वाटेकऱ्याचे नाव कागदावर येऊ देत नाही आणि सारा व्यवहार तोंडी राहतो. या कोंडीतून वाट काढता येते. नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला, तर आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये मालकीला धक्का न लावता कसणाऱ्याला ११ महिन्यांच्या कराराचे ओळखपत्र देणारा कायदा केला. महाराष्ट्राने असा कायदा का करू नये, याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही.

परिषदेने वाटेकऱ्यांची गाववार नोंद हाती घ्यावी आणि अशा कायद्याचा मसुदा शासनापुढे ठेवावा. तपशील कार्यकारिणी यथावकाश ठरवील. येथील खातेदारांना मात्र आजच कळकळीची विनंती आहे, की खात्यात जमा होणाऱ्या हप्त्यातील आणि पिकाच्या भरपाईतील वाटेकऱ्याचा हिस्सा त्यांनी त्याच्या हाती द्यावा, कारण त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.